बद्द

बर्सलममध्ये, थंड पडलेल्या भट्टीच्या मागच्या गल्लीत,
माझं दुकान डायनिंग टेबलावर चालतं.
पाटीच्या जागी एक आकडा: शंभर टक्के.
त्यामागे वर्षभराची पाचशे गिऱ्हाइकं,
एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही.

सुट्टे कप विकते मी, सुट्ट्या बशा.
कुणाच्या सहाच्या सेटमधला जो चौथा फुटला,
तो माझ्याकडे मिळतो.
चॅरिटी शॉपमधून पन्नास पेन्सला आणते,
खायच्या सोड्याने चहाचे डाग काढते,
मग खिडकीशी धरून फोटो.

आमच्या बाजारात मडकं घेताना बायका
बोटाच्या पेराने वाजवून बघायच्या.
खणखणीत असेल तर पदराखाली,
बद्द वाजलं तर मुकाट्याने खाली, कुंभाराकडे न बघता.
शेजारचा रेग सांगतो, इथेही हेच.
चाळीस वर्षं त्याने कारखान्यात कप वाजवले.
आता डावा कान गेलाय, उजव्याने भागवतो.

काचेपलीकडून कप वाजवता येत नाही,
म्हणून लोक विकणाऱ्याचं नाव वाजवतात.
माझं वाजवायचे आणि घ्यायचे,
तोच कप दुसरीकडे दोन पौंड स्वस्त असला तरी.
दोन पौंड.
माझी पत मी तोवर एवढीच मोजली होती.

नोव्हेंबरात मार्जोरी टज यांचा शेरा आला:
‘हँडलखाली चीर आहे. फोटोत नव्हती. आईच्या सेटसाठी हवा होता.’
साधी तीन वाक्यं, आवाज न चढवता.
शेजारी लाल ठिपका.

शंभराचे नव्व्याण्णव पूर्णांक आठ झाले.
मुकुंद म्हणाला, शाळेत एवढे पडले असते
तर तुझ्या वडिलांनी पेढे वाटले असते!
त्या आठवड्यात चौदाच्या जागी पाच खोकी गेली.
पुढच्या आठवड्यात तीन.
पोस्टातली जॅनिस म्हणाली, बरं नव्हतं का तुला?

रात्री उत्तर लिहायला बसले.
‘वाटेत आपटला असेल.’ पुसलं.
‘आपण नीट धुतला नसेल.’ हे तर मलाच वाचवेना.
‘पैसे परत करते, तेवढा शेरा काढाल का?’
यावर बोट बराच वेळ थांबलं.
सगळेच असं करतात. भाव ठरलेला असतो.

चीर मला माहीत होती.
कप मीच फिरवून धरला होता,
नक्षी उजेडाकडे, चीर भिंतीकडे.
आणि त्याआधी वाजवलाही होता, सवयीने.
बद्द.

शेवटी लिहिलं: ‘चीर होती. मला दिसली होती. पैसे पाठवले आहेत.’
ते आता तिच्या शेऱ्याखाली आहे, कुणीही वाचावं.
मुकुंद म्हणतो, मधलं वाक्य तरी गाळायचं होतंस,
स्वतःच्या दारावर स्वतःची चोरी कोण लिहितं?
मार्जोरीबाईंनी काही कळवलं नाही.
ठिपका लालच ठेवला. का बदलावा त्यांनी?

हल्ली फोटो आधी चिरेचा काढते,
शेजारी नख ठेवून, लांबी कळावी म्हणून.
डंडीच्या एका मुलाने तसला एक घेतला, ब्रश ठेवायला,
आणि लिहिलं, ‘सांगितली होती तशीच चीर.’
पाच तारे!
मी एकटीच हसले स्वयंपाकघरात.

वर्ष उलटलं की तो शेरा हिशेबातून गळतो म्हणे.
आकडा पुन्हा गोल होईल.
रेगचा कान काही परत येत नाही.

परवा हॅन्लीत तोच कप मिळाला,
निळ्या काठाचा, पिवळ्या फुलांचा.
रेगच्या उजव्या कानाशी नेऊन वाजवला.
त्याने डोळे मिटले, मान हलवली.

मार्जोरीबाईंचा पत्ता अजून आहे माझ्याकडे.
पाठवला तर वाटेल, तारे मागतेय.
वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय टेबलावर,
वजनही करून झालंय, तीनशे दहा ग्रॅम.
विकायला काढलेला नाही.